शेडमधला डिसेंबर

१४ मे
(शेडमध्ये ऑगस्ट)

गप्प्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन लावून लावून माझं बोट झिजलं. तुझा जुना नंबर आता कुठल्याशा शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेलाय. ती फार गोड बोलते, पण तिला मी माशांचं काय सांगणार? म्हणून तुझ्या कंपनीच्या बंदरावरच्या ऑफिसचा पत्ता काढला. तुमच्या त्या समुद्रातल्या माशांच्या पिंजऱ्यांवर आठवड्यातून एकदा सामानाची बोट येते म्हणे, डिझेल, कांदेबटाटे आणि पत्रं घेऊन. तर कांद्याबटाट्यांबरोबर हेही पोचेल.

आधी कामाचं. यंदा आपल्या माद्या डिसेंबरात नाही, सप्टेंबरातच पिकतील. तेव्हा सुट्टी आत्ताच सांगून ठेव. मागाहून 'साहेब सोडत नाही' हे मला चालणार नाही.

कसं ते तुला सांगायला नको, पण नाही सांगितलं तर कागद भरणार कसा? जानेवारीपासून शेडमध्ये लांब दिवस दिले. बाहेर अंधार पडायचा तरी आत ट्यूबलाइट चालू. आता टायमर उलटा फिरवलाय. दर आठवड्याला दिवस थोडा कापायचा आणि चिलरने पाणी थोडं गार करायचं. दिवस आखडलेला कळला की आपली म्हातारी मादी आणि बाकीच्या तिघी, ह्या बयांची पोटं भरायला लागणार. आभाळात काय चाललंय याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही, त्यांचा सूर्य म्हणजे छतावरची ट्यूब. तळाला चपट्या पडून असतात, दोन्ही डोळे वर, ट्यूबकडे. मी बटण दाबलं की संध्याकाळ. इतकी सत्ता मला घरात कधी मिळाली नाही.

एवढी घाई कशाला म्हणशील. गिऱ्हाइकाला पिल्लं लवकर हवी आहेत.

बाबा ठीक आहेत. हल्ली शेडला लागून असलेल्या ऑफिसातच झोपतात, जिना चढायचा कंटाळा करतात. पलंग खिडकीला लावून घेतलाय, म्हणजे पडल्या पडल्या काचेतून टाक्या दिसतात. खोकला आहे, पण तो काय नवा आहे?

शेवटच्या भांडणात तू बाबांना काय म्हणाला होतास ते मी विसरलेले नाही. 'तुम्ही मेलात तरी मी येणार नाही. माशांचं काय ते कळवत जा.' आणि तेवढा शब्द तू पाळतोस, दर वर्षी माद्या पिकल्या की येतोस, काम करतोस, बाबांशी एक अक्षर न बोलता जातोस. चिलरवाल्याकडे मुक्काम, आणि जेवण आपल्या स्वयंपाकघरात उभ्याने. तर माशांचं कळवतेय. सप्टेंबरात ये.

तुझी ताई


२ जून

गप्प्या,

हे मी पाठवणार नाही. पण आतल्या आत ठेवलं तर माझंच पोट फुगेल माद्यांसारखं.

बाबांच्या पोटात गाठ आहे. तू डिसेंबरात येऊन गेलास आणि जानेवारीत ती सापडली. डॉक्टरीणबाई भली आहे, आडवळणाने बोलत नाही. म्हणाली, "पुढचा हिवाळा धरून चालू नका." बाबा तिच्यासमोर शर्टाची बटणं लावत शांतपणे म्हणाले, "हिवाळ्याचं काय ते मी बघतो." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. घरी आले ते थेट शेडमध्ये गेले आणि टायमरचं झाकण उघडून बसले. मग मला कळलं ते काय बघणार होते ते.

मी म्हटलं, "एवढं कशाला? पत्र लिहिते, येईल की तो."

"काय लिहिशील?"

"बाबा आजारी आहेत, ये."

"नको. मेलो तरी येणार नाही म्हणालाय. लिहिलंस आणि नाही आला, तर मला ते समजून मरावं लागेल. माशांसाठी येतो तो. माशांसाठीच बोलाव."

"आणि आला की?"

"आला की बोलेन मी त्याच्याशी."

काय बोलणार आहेत ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, गप्प्या, तीच तर सगळी गंमत. भांडणाच्या आदल्या वर्षी पिल्लांच्या टाकीचा हीटर बाबांनी वाढवला होता. थंडी कडक होती, पिल्लं लवकर मोठी व्हायला हवी होती, आणि बाबांना कुणाला विचारायची सवय नव्हती. ऊन पाण्यात पिल्लं अशी भराभर वाढली की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला टाकी दाखवत होते. आणि वर्षाने बघतो तर टाकीतले सगळे नर. एक मादी नाही. कोवळ्या वयात पाणी जास्त ऊन मिळालं की ही पोरं सगळी नरच होतात, हे बाबांनीच आपल्याला शिकवलेलं. टाकी तुझ्याकडे होती. बाबा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "ह्याला साधं पाणी राखता येत नाही." तू थर्मामीटर बघितला होतास, हीटरचा खटका कुणी फिरवला तेही तुला कळलं होतं. तू फक्त विचारलंस, "बाबा, मी?" आणि ते दुसरीकडे बघत राहिले.

परवा मला म्हणाले, "त्याला ठाऊक आहे. मी तोंडाने म्हणायची वाट बघतोय तो. चार वर्षं माझ्याशेजारी उभा राहून अंडी काढतो आणि वाट बघतो. दर वेळी वाटतं, म्हणावं. मग वाटतं, पुढच्या डिसेंबरात."

पुढचा डिसेंबर त्यांना मिळणार नाही म्हणून आम्ही तो शेडमध्ये तयार करतोय. हे सगळं तुला एका ओळीत कळवता येईल. पण त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय, आणि मी मूर्खासारखं दिलंय.


२८ जून
(शेडमध्ये ऑक्टोबर)

गप्प्या,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यातही दोनच वाक्यं. 'म्हातारीचे दिवस गिऱ्हाइकासाठी कापू देणारे बाबा नाहीत. त्यांना काय झालंय?'

कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "पोरगं हुशार आहे." मग म्हणाले, "लिही, काही झालेलं नाही. खोकला आहे."

तर बाबांना काही झालेलं नाही. खोकला आहे.

माद्यांचं बरं चाललंय. म्हातारीचं पोट आता वरून बघितलं तरी कळतं, एका बाजूला उशी घातल्यासारखं. तिच्यासोबतच्या बाकीच्या तिघी अजून मागे आहेत. तुला माहीतच आहे, त्या नरांच्या वर्षामुळे मधली पिढीच गेली. म्हातारीला आणि ह्या तिघींना यंदा जमलं नाही, तर बाबांनी स्वतः समुद्रातून आणलेल्या त्या पहिल्या मादीचा वंश इथेच संपतो. माझ्याच्याने पोट दाबून अंडी काढणं नीट होत नाही. मी घाबरते, मासा घाबरतो, आणि मग अंड्यांबरोबर रक्त येतं. बाबांचे हात हल्ली थरथरतात. तुझेच हात लागणार.

(हात थरथरतात ते वयामुळे.)

तू काय खातोस तिथे? कार्डावर तेलाचा डाग होता. त्यावरून काही कळलं नाही.

ताई


२५ जुलै
(शेडमध्ये नोव्हेंबर)

गप्प्या,

'ठीक. पिकल्या की कळव.' तुझं दुसरं कार्ड. पहिल्यापेक्षाही आखूड. अशाने पुढच्या वेळी नुसता पत्ता येईल.

इथे बाहेर अंगाची लाही होतेय आणि गेल्या सोमवारी चिलरने मान टाकली. चिलरवाल्याला बोलावलं. त्याचं तुला माहीत आहे, कुठलंही यंत्र असो, आधी पाच मिनिटं त्याच्या मरणाच्या गोष्टी सांगणार. "ताई, हा आता सुटला म्हणायचं. ह्याचा कॉम्प्रेसर म्हणजे संपलेला माणूस." ऑफिसचं दार उघडं होतं. बाबा आतून म्हणाले, "संपलेल्याला चालवणं हेच तुझं काम ना? कर." तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि दिवसभर खाली मान घालून काम करत होता.

तोवर पाणी चढत होतं. पोटात अंडी भरत आल्यावर पाणी तापलं तर अंडी आतच नासतात, मग वरचा अंधार कितीही ठेवा, उपयोग नाही. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या. गोण्यांत गुंडाळून टाकीत सोडायच्या, एक विरघळली की दुसरी. मी आणि दोघं कामगार आळीपाळीने. प्रत्येक लादीचा एक कोपरा फोडून मी ऑफिसात न्यायचे, बाबांच्या कपाळावर ठेवायला. उकाड्याचं त्यांना सोसत नाही. चिलर सुरू झाला आणि पाणी परत उतरलं. एकही मासा मेला नाही. शाबास मी.

शेडमध्ये आता दिवस एवढासा राहिलाय. बाहेर लख्ख ऊन असतं, पोरं रस्त्यावर सायकली फिरवत असतात, आणि आत मी दिवे घालवते की झाली रात्र. ऑफिसातलाही दिवा घालवावा लागतो, कारण त्याचा उजेड काचेतून सरळ टाक्यांवर पडतो. रात्रीमध्ये एवढीशी तिरीप गेली तरी माद्यांना वाटतं दिवस अजून लांबच आहे, आणि सगळं मुसळ केरात. मी काचेवर काळं कापड लावलं होतं. बाबांनी ते ओढून काढलं. "मला खोक्यात घालतेस का? मासे दिसले पाहिजेत." तर आता बाबा आणि मासे एकाच वेळी अंधारात जातात. मी चाचपडत त्यांना जेवायला घालते. परवा चमचा त्यांच्या कानात गेला. आम्ही दोघं खूप हसलो.

मलाही सवय झालीय अंधाराची. एकूण ठीक चाललंय.

ताई


१९ ऑगस्ट

गप्प्या,

हेही पाठवणार नाही.

त्यांना खरं वाटायला लागलंय. स्वतः टायमर लावून दिलेला माणूस, आणि आता त्यालाच वाटतंय की डिसेंबर आलाय. डॉक्टरीणबाईने दुखण्यावरचं औषध वाढवलंय, त्याने डोकं जड होतं. त्यात हा अंधार. त्यांना दिवसाचा उजेड दिसतो तो जेमतेम सकाळचा, तेव्हा ते औषधाच्या गुंगीत असतात. जागे होतात तेव्हा रात्र. अंगावर दोन पांघरुणं, शेजारच्या शेडमधून गार हवा. मला म्हणतात, "यंदा थंडी लवकर पडली." मी हो म्हणते.

परवा म्हणाले, "डिसेंबर लागला ना? मग तो येईल ह्या आठवड्यात. माझी दाढी कर."

मी अंधारात दाढी केली, बोटांनी चाचपत. गालाला हात लावला तर गाल नव्हताच, खाली हाड होतं. मग पांढरा शर्ट मागितला. तो घालून उशीला टेकून बसले, दाराकडे तोंड करून. मी म्हटलं, "बाबा, आडवे व्हा." म्हणाले, "आडवा बघितला तर त्याला वाटेल मी आजारी आहे."

रोज असे बसतात. रोज विचारतात, "बोट आली का?" मी म्हणते, "वाऱ्यामुळे उशीर झालाय." मला खोटं इतकं छान बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

आणि मग विचारतात, "दिवा का नाही लावत?" पहिल्यांदा मी सांगितलं की मासे, बाबा, तुम्हीच सांगितलंत ना. तेव्हा म्हणाले, "हो हो, बरोबर." थोड्या वेळाने परत, "दिवा लाव ना. तो दारात उभा राहिला तर मला दिसणार कसा?" परत सांगितलं. काल ते मला मी म्हणून ओळखत नव्हते. अंधारात कुणी बाई आहे एवढं कळत होतं त्यांना. घाबरले होते. म्हणाले, "बाई, तुमच्या पाया पडतो, एवढा दिवा लावा."

मी लावला नाही.

म्हातारी दोन आठवड्यांवर आलीय, बाकीच्या तिघी जेमतेम तीन आठवड्यांवर. आता उजेड दिला तर सगळं गेलं आणि तू येणार नाहीस. तू यावास म्हणून मी माझ्या बापाला अंधारात ठेवलंय आणि तो माझ्या पाया पडतोय. तुला शिव्या घालाव्याशा वाटतात. त्यांनाही. मग टाकीपाशी जाऊन उभी राहते. त्या तिथे तळाला निजलेल्या, डोळे वर, कशाची वाट बघतायत हे त्यांना तरी कुठे माहीत आहे?


३० ऑगस्ट

गप्प्या,

हे पत्र चिलरवाला स्वतः बंदरावर जाऊन बोटवाल्याच्या हातात देणार आहे. नीट वाच, ह्यात एकही थाप नाही.

बाबा मरणाच्या दारात आहेत. पोटात गाठ आहे, जानेवारीपासून. तू जूनमध्ये सरळ विचारलं होतंस आणि आम्ही दोघांनी तुला फसवलं. गिऱ्हाईकबिऱ्हाईक कुणी नव्हतं. तू माशांसाठीच येतोस, म्हणून मासे लवकर पिकवत होतो.

आता पिकणार नाहीत. काय झालं ते सांगते.

आज दुपारी मी नेहमीप्रमाणे शेडचे दिवे घालवले आणि ऑफिसात गेले. बाबा शर्ट घालून बसले होते. मी भाताची पेज घेऊन गेले होते, ती नको म्हणाले. दिवा मागितला. मी नेहमीचं सांगितलं. मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हा तू आणि मी भिंतीला टेकून रडत होतो आणि ते टाकीचं पाणी बदलत होते, आठवतं? त्या माणसाचं रडणं मी अंधारात ऐकलं. लहान पोराला खोलीत कोंडून ठेवल्यावर ते जसं आधी ओरडतं आणि मग नुसतं हुंदके देतं, तसं.

मला एकदम सगळ्याचा राग आला. माशांचा, टायमरचा, तुझा, माझ्या त्या वचनाचा. दिवा लावायचा तर मी कशाला नुसता दिवा लावू? मी शेडमध्ये गेले आणि समोरचं मोठं लोखंडी शटर सरळ वर ढकललं. जानेवारीपासून ते उघडलं नव्हतं. गंजलेलं, निम्म्यावर अडकलं. मी खांदा लावून रेटलं. आणि ऊन आत आलं, गप्प्या. चारचं ऊन, पिवळं, टाक्यांवरून, ओल्या फरशीवरून थेट ऑफिसच्या काचेपर्यंत. मासे धडपडून एका कोपऱ्यात एकमेकांवर गेले. कामगार धावत आला, "ताई, काय करताय!" मी म्हटलं, "चालता हो." तो गेला. उद्या त्याची माफी मागेन.

मी ऑफिसात आले आणि बाबांना पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी पाहिलं. मी त्यांना रोज भरवत होते, पुसत होते, कूस बदलत होते, पण सकाळी मी बाजार आणि बर्फाच्या मागे, आणि माझ्या हाती ते यायचे तेव्हा रात्र झालेली असायची. गळ्यापाशी शर्ट एवढा मोठा झालाय की त्यात आणखी एक माणूस मावेल. रंग मेणासारखा. आणि मी तुला लिहीत होते, एकूण ठीक चाललंय.

ते उन्हाकडे बघत होते. मग अगदी पूर्वीच्या आवाजात, हिशेबी आवाजात म्हणाले, "हे ऊन डिसेंबरचं नाही."

मी म्हटलं, "नाही बाबा. ऑगस्ट आहे."

"म्हणजे मासे पिकलेले नाहीत."

"नाही."

"म्हणजे तो आला नाही ते बरोबरच आहे." आणि मग, देवाशपथ, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. म्हणाले, "म्हणजे अजून वेळ आहे."

नाही आहे वेळ. डॉक्टरीणबाई सकाळीच सांगून गेली, आता दिवसांचं काम आहे.

शटर मी परत लावलेलं नाही, लावणारही नाही. ऊन आत येतंय तोवर चिलर पाणी धरू शकत नाही. त्या तिघी आता अंडी बाहेर टाकणार नाहीत. अंगातल्या अंगात जिरवून टाकतील, जणू कधी भरलीच नव्हती. म्हातारी फार पुढे गेलीय, ती कदाचित थांबायची नाही. पण तिच्यासाठी मी तुला बोलावत नाही.

आणखी एक. ते तोंडाने सांगणार होते, पण वेळेवर माझा विश्वास राहिलेला नाही. हीटर त्यांनी वाढवला होता. तू नाही. शुद्धीत असताना, उन्हात बसून, मला म्हणाले, "लिही, मी वाढवला होता, आणि सगळ्यांसमोर त्याला बोललो." मी विचारलं, "आणखी काही?" म्हणाले, "आणखी काय? एवढंच तर आहे."

तू चार वर्षं वाट बघितलीस. आता ऐकलंस. तरी नाही यायचं तर नको येऊस, मी तुला दोष देणार नाही. खोटं. आयुष्यभर देईन.

ये. माशांसाठी नाही.

ताई


५ सप्टेंबर
(ऑफिसच्या दाराला लावलेलं)

गप्प्या,

तू संध्याकाळच्या बोटीने पोचशील तेव्हा मी मागच्या बाजूला टाकीपाशी असेन. शेडमधून हाक मारू नकोस, मासा हातात असला तर निसटतो. म्हणून लिहून ठेवतेय.

बाबा आज सकाळी गेले. आत आहेत. डॉक्टरीणबाई येऊन गेली, चिलरवाला त्यांच्याजवळ बसलाय. तो आज यंत्रांबद्दल एक शब्दही बोललेला नाही.

तू निघाल्याचं त्यांना कळलं होतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, चिलरवाल्याला विचार. बंदरावरून त्याच्याच फोनवर निरोप आला होता आणि तो रस्त्यातूनच ओरडत आला, 'निघालाय, निघालाय.' बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "मग पाणी बघून ठेव." त्यानंतर बोलले नाहीत. काल दिवसभर ऊन त्यांच्या पायांवर होतं. मी पलंग सरकवत होते, ऊन जाईल तसा.

पांढरा शर्ट त्यांच्या अंगात आहे. तुझ्यासाठीच घातलेला होता, म्हणून तसाच ठेवला.

त्या तिघींनी अंडी जिरवली. पोटं परत सपाट झाली. म्हातारीची मात्र सकाळपासून गळायला लागली आहेत, तिला उद्यापर्यंत थांबवलं तर आतच सडतील. म्हणून मी एकटीच काढतेय. कोरडं भांडं, नराचं पाणी, पिसाने ढवळायचं, सगळं आठवतंय. पहिली खेप नळीत घालून पाहिली. निम्म्याहून जास्त खाली बसली, मेलेली. पण वर एक पातळसा थर तरंगतोय. जगली तर त्या टाकीच्या हीटरला मी कुणाला हात लावू देणार नाही.

टेबलावर दोन पत्रं आहेत, तुला न पाठवलेली. आत्ता वाचू नकोस. उद्या वाच, मग हवं तेवढं भांड माझ्याशी.

ऑफिसातला दिवा चालू आहे. भर दिवसाही चालू ठेवलाय. तो बंद करू नकोस.

आणि दाराशी गार पाण्याची बादली आहे, नेहमीची, माशाला हात लावायच्या आधी हात बुडवायची. आपले हात ऊन असतात, माशाला चटका बसतो. बाबांनी आपल्याला चालायच्या आधी हे शिकवलं. दिवसभर त्यांचे हात त्या बादलीत, म्हणून आपल्या कपाळाला कधी हात लावला तरी तो गारच लागायचा. तू लहानपणी अंग चोरायचास.

तू सवयीने दारात थांबशील आणि बादलीत हात घालशील. नको घालूस. तसाच आत जा, आणि बाबांचा हात धर. गार लागेल. धरून ठेव.

माशांचं मी बघते.

ताई